घरून काम करताना आधी घराची घडी बसवा, मग ऑफिसची

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका ताईंचा आहे. पुण्याच्या आयटी कंपनीचं काम, क्लायंट लंडनचा. सकाळी नऊला लॅपटॉप उघडतो तो रात्री अकराला मिटतो, तरी काम उरतंच. घरात सासू-सासरे, मुलगा दुसरीत, यजमान बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत पाळीवर. घरच्यांना वाटतं, घरीच आहे म्हणजे मोकळी आहे. ऑफिसला वाटतं, घरीच आहे म्हणजे कधीही हाक मारावी. मग दिनक्रम बसवायचा कसा?

ताई, दुखणं तुमच्या दोन आकड्यांतच आहे. नऊ ही पुण्याची वेळ आणि अकरा ही लंडनची. लंडनचं ऑफिस त्यांच्या घड्याळाने ९ ते साडेपाच धरलं, तर उन्हाळ्यात ते आपल्याकडे दुपारी दीड ते रात्री दहा असतं आणि हिवाळ्यात दुपारी अडीच ते रात्री अकरा. तुम्ही दोन्ही ऑफिसांच्या वेळा एकापुढे एक जोडल्या आणि चौदा तासांचा दिवस तयार झाला. हा तुमच्या शिस्तीचा दोष नाही. चौदा तास खुर्चीत बसलेल्या माणसाचं काम संपत नाही, कारण संपवायची घाईच उरत नाही. सगळं 'रात्री बघू' वर जातं.

वेळापत्रक करायला बसताना बहुतेक जण ऑफिसच्या वेळा आधी लिहितात आणि उरलेल्या फटींत घर कोंबतात. आपल्याकडच्या एकत्र घरात ते दोन आठवड्यांत मोडतं. उलट करा. एक कागद घ्या आणि घरातल्या न हलणाऱ्या गोष्टी आधी लिहा: नळाला पाणी कधी येतं, मुलगा शाळेला कधी निघतो आणि कधी परततो, सासऱ्यांचं जेवण किती वाजता, दोघं दुपारी किती वेळ आडवे होतात, यजमानांची पाळी कोणती. या गोष्टी तुमच्या मॅनेजरच्या सांगण्याने हलणार नाहीत. काम मात्र थोडंफार हलतं.

तुम्ही सांगितलेल्या घराला उन्हाळी घड्याळात अशी मांडणी बसते. मुलगा शाळेत गेला की पावणेदहा ते पावणेएक हे तीन तास डोक्याच्या कामाचे. तेव्हा लंडनचं ऑफिस उघडलेलं नसतं, घर शांत असतं, म्हणून कोडिंग, रिपोर्ट, हिशेब, जे चुकलं तर महागात पडेल ते सगळं इथे. पावणेएक ते दोन जेवण आणि मागचं आवरणं. दोन ते साडेचार कॉल. सासू-सासरे झोपलेले असतात, लंडन नुकतं जागं झालेलं असतं, आणि पोटभर भात खाल्ल्यावर डोकं एकट्याने चालत नाही पण समोर माणूस बोलत असला की चालतं. जेवणानंतर लगेच अवघड काम हाती घेणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. साडेचार ते साडेपाच मुलगा आणि चहा, लॅपटॉप बंद. साडेपाच ते साडेसात उत्तरं, तपासणी, उद्याची जुळवाजुळव. एकूण साडेसात तास झाले. आठवड्यात फार तर दोन संध्याकाळी उशिराचा कॉल घ्या, तोही आधी ठरलेला.

हे मॅनेजरला तोंडी सांगून भागत नाही, लेखी कळवा. मेलमध्ये तीनच गोष्टी असू द्या: मी या वेळेत नक्की उपलब्ध आहे, या वेळेत संदेश पाहीन पण कॉल घेणार नाही, आणि खरोखर अडलं तर फोन करा. 'मला जमत नाही' असा सूर नको. लंडनच्या दिवसाशी तुमचे साडेचार तास जुळतात, हे त्यात आकड्याने लिहा. मॅनेजरला तेवढंच हवं असतं. कॉल न घेण्याच्या वेळा ऑफिसच्या कॅलेंडरवरही अडवून ठेवा, नाहीतर कोणीतरी पावणेपाचला मीटिंग टाकणारच.

वर्षातून दोनदा हे गणित बिघडतं. ब्रिटनची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. ऑक्टोबरनंतर लंडनचे नऊ म्हणजे आपले अडीच, आणि कॉल सरकत सरकत मुलाच्या घरी येण्याच्या वेळेवर येऊन आदळतात. म्हणून हिवाळ्याचा वेगळा कागद करा: कॉल पावणेतीन ते साडेचार, मध्ये तासभर मुलाचा, उरलेले कॉल साडेपाच ते साडेसहा. क्लायंट अमेरिकेचा असेल तर तारखा वेगळ्या, मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला वाजतात, हिवाळ्यात साडेसातला. अशा कामात संध्याकाळ जाणारच, तेव्हा सकाळ काटेकोरपणे घरासाठी राखावी लागते.

सीमाभागातला आणखी एक गुंता पुण्यातल्या सहकाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मुलाची शाळा कर्नाटकाच्या वेळापत्रकाने चालते आणि तुमची रजा महाराष्ट्राच्या यादीने. इथल्या शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याला असते, तिकडची दिवाळीला. इथे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मुलं घरी असतात आणि मेअखेर-जूनच्या सुरुवातीला शाळा उघडते, तिकडे ती जूनच्या मध्यावर. १ नोव्हेंबरला इथे सरकारी सुट्टी, पुण्यात कामाचा दिवस. म्हणजे सहकारी दिवाळीत रजा टाकतात तेव्हा तुम्हाला तिची तितकी गरज नसते, आणि तुम्हाला दसऱ्यात हवी असते तेव्हा टीम ऐन कामात असते. जानेवारीतच दोन्ही याद्या शेजारी ठेवून रजा मागा. गावात लक्ष्मी यात्रा असेल, तर ते आठ दिवस घरात पाहुण्यांची रीघ असते आणि काम होत नाही, हे मान्य करून महिनाभर आधी अर्ज द्या. भाताच्या सुगीचंही तसंच. शेत असलेल्या घरात कापणी-मळणीच्या दिवसांत 'मी कामावर आहे' म्हणणं कोणाच्या गळी उतरत नाही. अर्ध्या दिवसाच्या चार रजा तिथे खर्च करा. त्या वाया जात नाहीत.

आता घरातल्या माणसांबद्दल. सासूबाईंना 'मला त्रास देऊ नका' असं सांगितलं की मन दुखतं, आणि दार लावून घेतलं तर आल्यागेल्याला चमत्कारिक वाटतं. त्यापेक्षा लांबून दिसेल अशी खूण ठेवा. टेबलावर छोटा दिवा: लागला असेल तर कॉल चालू, विझला असेल तर खुशाल बोला. हेडफोनची खूण वडीलधाऱ्यांना कळत नाही, दिवा कळतो. एकदा सासूबाईंना शेजारी बसवून कॉल कसा असतो ते दाखवा. समोर आठ माणसं बसलीत आणि आपला आवाज त्या सगळ्यांना जातो, हे डोळ्यांनी पाहिलं की निम्मा प्रश्न सुटतो. आणि दिवा विझला की खरोखर उठून दोन शब्द बोला. दिवसभर विझतच नसेल, तर आठवड्याभरात त्याला कोणी विचारणार नाही.

दारावरची कामं सासऱ्यांकडे सोपवा, पण रीतसर. गॅस सिलिंडर देताना नोंदलेल्या मोबाईलवर आलेला कोड सांगावा लागतो. तो नंबर तुमचा असेल, तर कॉल सोडून तुम्हालाच धावावं लागणार. एजन्सीत जाऊन सासऱ्यांचा नंबर लावून घ्या. कुरिअर मागवतानाही त्यांचाच नंबर द्या. शाळेतही पहिला फोन त्यांना किंवा यजमानांना जाईल असं सांगून ठेवा. या तिन्ही गोष्टींना मिळून एक सकाळ लागते, आणि पुढे दिवसाला दोन-तीन व्यत्यय कमी होतात.

टेबल कुठे मांडायचं, हे यजमानांच्या पाळीवरून ठरवा. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपणार, तेव्हा झोपायच्या खोलीत टेबल असेल तर दोघांचंही वाटोळं. सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीत, पाहुणे येतात. माडी बरी वाटते, पण वर पत्रा असेल तर खानापूरच्या पावसात समोरच्याला तुमच्याऐवजी पाऊसच ऐकू जातो. कौलाखाली आवाज कमी. पत्राच असेल तर खाली फळ्यांचं किंवा पीओपीचं छत करून घ्या, आणि तोंडाशी येणाऱ्या दांडीचा माईक असलेला हेडसेट घ्या. लॅपटॉपचा माईक अख्ख्या खोलीचा आवाज ओढतो. बेळगावात वडगाव-खासबागसारख्या भागात शेजारी माग चालू असतात, तिथेही हाच उपाय चालतो. माडी जमत नसेल तर सोप्याचा एक कोपरा जाड पडद्याने तोडा आणि पाठ भिंतीला येईल असं बसा, म्हणजे कॅमेऱ्यात घरातली ये-जा दिसत नाही.

जुन्या घरांच्या जाड मातीच्या किंवा दगडी भिंतींतून वायफाय नीट जात नाही. त्यातही ५ गिगाहर्ट्झचा पट्टा एका भिंतीतच दम तोडतो, २.४ चा थोडा पुढे जातो पण वेग कमी. राउटर बदलण्याआधी राउटरपासून टेबलापर्यंत कॅट ६ केबल टाका. १५ मीटर केबल पुष्कळ होते, आणि कॉल मध्येच गोठणं बहुतेक तिथेच थांबतं.

विजेवर थोडं जास्त लिहितो, कारण खानापूरच्या बाजूला कामाचं नुकसान सगळ्यात जास्त तिथेच होतं. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, तारा जंगलातून येतात, जून ते ऑगस्ट फांदी पडली की तासन् तास वीज नसते. लॅपटॉप ५० वॅट, साधा पंखा ७०, ट्यूब २०, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५, असा सगळा भार १५५ वॅटच्या आसपास जातो. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा जातो, आणि बॅटरी टिकवायची तर पूर्ण उपसायची नाही. हाताशी साडेआठशे वॅट-तास धरा, म्हणजे नव्या बॅटरीवर साडेपाच तास. तीन वर्षं जुनी असेल तर साडेतीनच धरा. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, केला तर तो ७० ऐवजी ३० वॅट घेतो आणि दीड-दोन तास वाढतात. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. मिक्सर, फ्रीज आणि मोटर इन्व्हर्टरच्या लाईनवर नाहीत ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. बॅटरीतलं पाणी दर दोन-तीन महिन्यांनी बघा आणि डिस्टिल्डच घाला.

इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं: यूपीएस आणि नॉर्मल. दुकानदार बहुधा यूपीएसवर ठेवून देतो. त्या स्थितीत व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा वीज असूनही बॅटरी उपसली जाते आणि खरी वीज जाते त्या वेळी ती अर्धी रिकामी असते. लोक म्हणतात बॅटरी खराब निघाली. बटण नॉर्मलवर करा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते आणि त्याचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्याला यूपीएसची गरजच नाही. डेस्कटॉप असेल तर मात्र यूपीएसवरच ठेवावं लागेल.

राउटरला वेगळा मिनी यूपीएस, म्हणजे बॅटरीची छोटी डबी, घ्या. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचा: आउटपुट ९ व्होल्ट की १२, आणि किती अँपिअर. शेजारी एक चित्र असतं, मधला ठिपका अधिक चिन्हाला जोडलेला. मिनी यूपीएसवरही तेच हवं. ९ च्या राउटरला १२ दिलं तर तो जळू शकतो. ८००० एमएएचच्या मिनी यूपीएसवर राउटर दोन-अडीच तास चालतो. एवढं करूनही नेट गेलं, तर समजा की गल्लीच्या खांबावरच्या पेटीतली बॅटरी संपली किंवा केबल तुटली, आणि तिथे तुमचा हात पोचत नाही. म्हणून फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम हवंच, आणि घरातल्या कोणत्या खिडकीशी त्याची रेंज टिकते हे कोरड्या दिवशी बघून ठेवा. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला जीबीच्या आसपास डेटा जातो, कॅमेरा बंद केला तर त्याचा छोटासा अंश. वीज गेली की कॅमेरा बंद, हा नियम टीमला आधीच सांगून ठेवा. देखभालीसाठी वीज बंद असणार असेल तर बेळगावच्या मराठी पेपरात तशी सूचना येते. सकाळी चहाबरोबर तेवढी बघावी आणि त्या दिवशीचा मोठा कॉल हलवावा. तक्रारीचा नंबर १९१२.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर घराचं अर्थिंग गेलेलं असू शकतं. आधी ते तपासून घ्या, मग बाकीचं. विजा चमकत असताना राउटरचा अडॅप्टर उपसून ठेवा आणि मिनी यूपीएसवर चालवा.

बिलाचाही हिशेब मांडतो. महिन्याला २२ दिवस, रोज नऊ तास धरले तर लॅपटॉपचे १०-१२ युनिट, पंख्याचे १४, ट्यूबचे ४, आणि राउटर चोवीस तास म्हणून ११, असे चाळीसच्या आसपास युनिट घरून काम केल्याने वाढतात. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, तुमच्या घराची फुकट युनिटांची मर्यादा २०२२-२३ च्या सरासरी वापरावरून ठरली आहे. मर्यादेच्या वर पण २०० च्या आत असाल तर वरच्या युनिटांपुरते पैसे, २०० ओलांडले तर पूर्ण बिल. घराचा वापर आधीच १६५-१७० असेल, तर तुमचे चाळीस युनिट सगळ्या घराला त्या रेषेपलीकडे नेतात आणि बोलणी तुम्हाला बसतात. कंपनीकडे वीज आणि इंटरनेटचा भत्ता मागताना हा हिशेब लिहूनच मागा. दीड टनाचा एसी तासाला युनिटभर तरी खातो. आपल्याकडची हवा पाहता एप्रिलच्या दुपारी सोडल्या तर त्याची गरज नाही.

बसण्याबद्दल थोडक्यात. टेबल २८-२९ इंच. तुमची उंची कमी असेल तर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली स्वयंपाकघरातला पाट ठेवा, पाय अधांतरी राहिले की कंबर धरते. लॅपटॉप चार जाड वह्यांवर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, कीबोर्ड आणि माऊस वेगळे घ्या. खिडकी बाजूला हवी, समोर किंवा मागे नको. पलंगावर बसून काम करणं महिनाभर सोसतं, मग मान बोलू लागते. बोटांना मुंग्या पंधरा दिवसांत गेल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवा.

दिवस संपवणं हे दिवस सुरू करण्यापेक्षा अवघड आहे, कारण घरी कोणी दिवे मालवत नाही. सव्वासातला हातातलं थांबवा. वहीत तीन ओळी लिहा: आज काय झालं, काय अर्धं राहिलं, आणि उद्या पावणेदहाला पहिलं बोट कशावर ठेवायचं. तिसरी ओळ नेमकी हवी. 'रिपोर्ट पूर्ण करणे' नको, 'रिपोर्टच्या तिसऱ्या पानावरचे आकडे तपासणे' असं लिहा. अर्धवट काम डोक्यात फिरत राहतं ते त्याची पुढची पायरी ठरलेली नसते म्हणून. मग लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवा, चार्जरसकट. टेबलावर उघडा राहिला की जाता-येता हात जातो. फोनमध्ये ऑफिसची अॅप्स अँड्रॉइडच्या वर्क प्रोफाइलमध्ये टाकली, तर एका बटणाने ती सगळी गप्प करता येतात आणि घरचे फोन येत राहतात. व्हॉट्सअॅपवरच्या कामाच्या ग्रुपला साडेसातनंतर म्यूट. ज्याला खरंच गरज आहे तो फोन करेल, ते तुम्ही मेलमध्ये लिहिलेलंच आहे.

दिवेलागणीनंतरचा वेळ घराचा. पण सगळी कामं त्यातच भरली तर ती दुसरी पाळी होते. सकाळची भाजी आदल्या रात्री चिरून ठेवायचं काम यजमानांचं की तुमचं, मुलाचा अभ्यास कोण घेणार, हे पाळीप्रमाणे बदलायला हवं. फौंड्रीची पाळी आठवड्याला फिरते, मग तुमचं वेळापत्रकही आठवड्याचंच असणार. रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं दोघांनी भिंतीवरचं कॅलेंडर समोर घेऊन बसा. त्यांच्या चौकोनात पाळी लिहा, तुमच्या उशिराच्या दोन कॉलभोवती गोल करा. त्यांची पहिली पाळी असेल तेव्हा ते पहाटे पाचला उठतात आणि दहाला झोपतात, त्या आठवड्यात उशिराचा कॉल शक्यतो घेऊच नका. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते रात्री अकरानंतर येतात, तुमचे उशिराचे कॉल तिथे बसवा. त्या आठवड्यात सकाळी मुलाला शाळेत सोडणं त्यांच्याकडे, म्हणजे तुम्हाला नऊ ते पावणेदहा हा पाऊण तास एकटीचा मिळतो. त्यात लॅपटॉप उघडू नका. चालायला जा, नाहीतर नुसत्या बसा.

मॅनेजरने लेखी वेळा मान्य केल्या नाहीत तर वाद न घालता तीन आठवडे नोंद ठेवा: साडेसातनंतर किती कॉल आले, आणि त्यातले किती दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला घेतले असते तरी चाललं असतं. तो कागद घेऊन पुन्हा बोला. बहुतेक ठिकाणी निम्म्याहून जास्त कॉल तिथेच हलतात. उरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढेच तास उशिरा सुरू करण्याची परवानगी मागा, आणि तीही मेलवरच घ्या.